बासष्टची रात्र आणि त्याआधीची गाणी

'अमेरिकन ग्राफिटी' हा फार गोड सिनेमा आहे, असं कुणी म्हणालं की मला वाद घालावासा वाटतो. गोड आहेच हो, नाही कुठे म्हणते मी? रंगीत दिवे, चकचकीत गाड्या, चाकांच्या बुटांवरून बर्गर आणून देणाऱ्या मुली आणि पार्श्वभूमीला एकामागून एक रॉक अँड रोल. पण हा सिनेमा 'गेले ते दिन गेले' म्हणत उसासे टाकण्यासाठी काढलेला आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यातली गाणी नीट ऐकलेली नाहीत असं माझं मत आहे. गाणी काहीतरी वेगळंच सांगतायत. आज तेच सांगायचा प्रयत्न करते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७३ साली आलेला हा सिनेमा. दिग्दर्शक जॉर्ज लुकास. होय, तोच 'स्टार वॉर्स'वाला, पण त्याच्या चार वर्षं आधीचा. निर्मात्यांपैकी एक फ्रान्सिस फोर्ड कपोला. गोष्ट १९६२च्या उन्हाळ्याच्या शेवटची, कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो नावाच्या गावातली (लुकास तिथलाच), आणि फक्त एका रात्रीची. संध्याकाळी सुरू होते, सकाळी संपते. कर्ट आणि स्टीव्ह यांची शाळा संपली आहे आणि सकाळी दोघं विमानाने लांबच्या कॉलेजला जाणार आहेत. स्टीव्हला जायची घाई आहे, कर्टचा पाय निघत नाही. टेरी हा त्यांचा चष्मेवाला, जरा बावळट मित्र. आणि चौथा जॉन मिल्नर, वय वर्षं बावीस, गावातला सगळ्यात वेगवान गाडीवाला. चौघं रात्रभर गावातल्या त्याच त्या रस्त्यांवरून गाड्या फिरवतात. सकाळी विमानात मात्र कर्ट बसतो, स्टीव्ह मागे राहतो. झाली गोष्ट! हॅरिसन फोर्डही यात आहे बरं का, मिल्नरला शर्यतीचं आव्हान देणाऱ्या बाहेरगावच्या पोराच्या छोट्याशा भूमिकेत.

आता गाण्यांकडे येऊ. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. म्हणजे कुणा संगीतकाराने बसून व्हायोलिनं वगैरे वाजवून घेतलेली नाहीत. जे काही ऐकू येतं ते त्या रात्री त्या गावात खरोखर वाजत असलेलं. बहुतेक वेळा गाडीतला रेडिओ, कधी शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमातला बँड. सगळ्या गाड्यांमध्ये एकच स्टेशन लागलेलं आणि त्यावर वुल्फमन जॅक नावाचा घोगऱ्या आवाजाचा, मधेच लांडग्यासारखा ओरडणारा निवेदक. एका गाडीतून गाणं सुरू होतं, ती गाडी निघून जाते, दुसरी येते, गाणं तिथून पुढे चालू. गाणं गावभर पसरलेलं असतं, माणसं त्याच्यातून ये-जा करत असतात.

हे साधण्यासाठी लुकास आणि ध्वनीचा जादूगार वॉल्टर मर्च यांनी एक मजेशीर उद्योग केला होता. वुल्फमन जॅकच्या निवेदनासकट सलग रेडिओ कार्यक्रम तयार करायचा, तो उघड्या अंगणात स्पीकरवर वाजवायचा आणि लांब उभं राहून पुन्हा रेकॉर्ड करायचा. एकाने स्पीकर हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने मायक्रोफोन. त्यामुळे गाणं कधी जवळ येतं, कधी भिंतीआड जातं, कधी वाऱ्यावर विरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दारं-खिडक्या उघड्या ठेवून झोपायची पद्धत होती तेव्हा चार घरं सोडून वाजणारा रेडिओ जसा ऐकू यायचा, अगदी तसं. स्टुडिओतलं स्वच्छ गाणं कान ऐकतात. असं हवेतून आलेलं गाणं आठवणीत जाऊन बसतं, कारण त्याच्याबरोबर ती हवाही येते.

पैशाचा हिशोबही सांगण्यासारखा आहे. सिनेमाचा सगळा खर्च पावणेआठ लाख डॉलर्सच्या आसपास आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा नुसत्या गाण्यांच्या हक्कांवर गेला. सगळ्यांना एकच ठराविक रक्कम देऊ, असा प्रस्ताव होता. एल्विस प्रेस्लीच्या रेकॉर्ड कंपनीशी ते जमलं नाही, म्हणून रॉक अँड रोलच्या या मेजवानीत खुद्द एल्विसच जेवायला नाही! नंतर गाण्यांचा जो दोन तबकड्यांचा संच निघाला, त्यात ४१ गाणी होती.

ज्यांचा या संगीताशी फारसा संबंध आलेला नाही त्यांना सांगते, तुम्ही ते ऐकलेलं आहे. १९५७च्या 'आशा'मधलं सी. रामचंद्रांचं 'ईना मीना डीका' आठवा. तोच तो धक्का, ठेक्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा, पाय आपोआप हलवणारा. या सिनेमात आणखी एक प्रकार भरपूर आहे, डू-वॉप. चार-पाच पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून गातात, एक जण मुख्य सूर धरतो आणि बाकीचे वाद्यं नसल्याची भरपाई तोंडाने डुम-डुम वा-वा करून करतात. बहुतेक गाण्यांत तेच चार कॉर्ड गोल गोल फिरत राहतात. पडद्यावर गाड्याही तशाच त्याच चार रस्त्यांवरून गोल गोल फिरतात. एका जागी बसून राहायचं, पण आपण कुठेतरी चाललोय असं वाटत राहायचं. सतराव्या-अठराव्या वर्षाचं याहून नेमकं वर्णन काय असणार?

आता माझा मुख्य मुद्दा. गोष्ट १९६२ची आहे. पण गाणी कधीची आहेत?

सुरुवातीलाच बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' वाजतं. ते रेकॉर्ड झालं १९५४ साली. फॅट्स डॉमिनोचं 'एंट दॅट अ शेम' १९५५चं. फ्रँकी लायमनचं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' १९५६चं. बडी हॉलीचं 'दॅटल बी द डे' १९५७चं, चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' १९५८चं. डेल शॅननचं 'रनअवे' (१९६१) आणि आणखी काही सोडली, तर त्या रात्री वाजणारी बरीचशी गाणी त्या मुलांसाठीही जुनी आहेत. ती आली तेव्हा ही पोरं दहा-बारा-चौदा वर्षांची होती. म्हणजे १९७३चा प्रेक्षक १९६२कडे वळून बघत होता, पण १९६२ची ही पोरं स्वतःच १९५६कडे वळून बघत होती!

मिल्नर तर हे बोलूनच दाखवतो. त्याच्या गाडीत नाइलाजाने गळ्यात पडलेली कॅरल नावाची शाळकरी पोरगी आहे. रेडिओवर बीच बॉइजचं तेव्हाचं ताजं गाणं लागतं, 'सर्फिन सफारी', १९६२चं. तिला ते आवडतं. मिल्नर रेडिओ बंद करतो. त्याच्या मते बडी हॉली गेल्यापासून रॉक अँड रोलची नुसती घसरगुंडी चालली आहे. बावीस वर्षांचा मुलगा 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणतोय, आणि समोर ऐकणारी जेमतेम तेरा वर्षांची! मला या प्रसंगाचं हसू येतं आणि लगेच पोटात काहीतरी होतं.

कारण मिल्नर म्हणतो ते बरंचसं खरं आहे. रॉक अँड रोलची पहिली लाट तोवर ओसरलेली होती. लिटल रिचर्ड १९५७ साली सगळं सोडून धर्माच्या मार्गाला लागला. एल्विस १९५८ साली सैन्यात गेला. जेरी ली लुईसच्या लग्नाचा बोभाटा त्याच वर्षी झाला. बडी हॉली ३ फेब्रुवारी १९५९ला विमान अपघातात गेला. आणि ज्या उन्हाळ्यात मोडेस्टोच्या रस्त्यांवर 'जॉनी बी. गुड' वाजतंय, त्या उन्हाळ्यात खरा चक बेरी तुरुंगात होता. १९६२च्या फेब्रुवारीत आत गेला, तो १९६३च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आला. गाण्यातला पोरगा गिटार घेऊन नाव कमवायला निघालाय आणि गाणारा गजाआड! रेडिओला त्याचं काही नाही. रेडिओ वाजतोच आहे.

रेडिओला काही माहीत नसतं, ही गोष्ट या सिनेमाने जशी वापरली आहे तशी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आपल्या सिनेमांची आणि हल्ली तर सगळ्याच सिनेमांची सवय अशी, की पात्र रडायच्या बेतात असलं की गाणं आधीच रडायला लागतं. इथे तसं होत नाही. भांडण चाललंय आणि मागे कुणीतरी सोळा वर्षांच्या मुलीचं कौतुक गातंय. गाडी चोरीला गेली आहे आणि रेडिओवर नाच चालू आहे. खरं आयुष्य असंच नसतं का? आपल्यावर जेव्हा काही कोसळतं तेव्हा शेजारच्या घरी जे काही लागलेलं असेल ते लागलेलं असतं. मग ते गाणं, त्याचा काही दोष नसताना, जन्मभर त्या प्रसंगाला चिकटून बसतं.

शाळेच्या नाचाचा प्रसंग घ्या. स्टीव्ह आणि त्याची मैत्रीण लॉरी (कर्टची बहीण) यांचं फाटलेलं आहे. जायच्या आधी स्टीव्हने फार उदारपणे सुचवलंय, की मी तिकडे असताना आपण दोघांनीही इतरांबरोबर फिरायला हरकत नसावी. आणि नेमकं त्याच वेळी सगळ्या शाळेसमोर, अंगावर प्रकाशझोत घेऊन, या दोघांना नाचाची सुरुवात करावी लागते. गाणं प्लॅटर्सचं, 'स्मोक गेट्स इन युवर आइज'. बघणाऱ्यांना वाटतं, काय सुंदर जोडी आहे! लॉरी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत असते.

या गाण्याची वंशावळ बघा. जेरोम कर्नने ते मुळात १९३३ साली 'रॉबर्टा' नावाच्या संगीत नाटकासाठी केलं. म्हणजे या मुलांच्या आईवडिलांच्या तरुणपणीचं. प्लॅटर्सनी ते १९५८ साली पुन्हा गायलं. १९६२च्या गोष्टीत ते वाजलं. १९७३ साली लोकांनी ते थिएटरात ऐकलं आणि डोळे पुसले. आणि आता मी ते माझ्या खोलीत ऐकते आहे. प्रत्येक पिढीला वाटलं, हे आपल्या हरवलेल्या दिवसांचं गाणं. ते कुणाच्याच दिवसांचं नाही, किंवा सगळ्यांच्याच आहे. हरवलेपण त्यात आधीपासूनच भरलेलं होतं.

म्हणून मला वाटतं, 'ते दिवस किती निरागस होते' हे या सिनेमाचं म्हणणं नाहीच. त्याचं म्हणणं असं आहे की गतकाळाची ओढ म्हातारपणी लागत नाही. ती अठराव्या वर्षी लागते, उद्याची भीती वाटायला लागली की लगेच. कर्टला जायचं नाहीये, तेव्हा त्याला अचानक सगळं गाव गोड दिसायला लागतं. काल त्याला याच गावाचा कंटाळा आला होता.

आणि उद्या काय होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या ५ तारखेला इंग्लंडमध्ये बीटल्सची 'लव्ह मी डू' ही तबकडी निघाली आणि बघता बघता मिल्नरचं सगळं संगीत खरोखरच 'जुनी गाणी' होऊन गेलं. त्याच महिन्यात क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेवर जाऊन आलं. पुढच्या वर्षी केनेडींचा खून. मग व्हिएतनाम. सिनेमा लागला तो १९७३चा उन्हाळा वॉटरगेटच्या सुनावण्यांचा होता. '६२ साली तुम्ही कुठे होतात?' अशी त्याची जाहिरात होती. मधे फक्त अकरा वर्षं गेलेली! आपण आज अकरा वर्षांपूर्वीचं काही आठवून इतके व्याकूळ होऊ का? व्हॉट्सअ‍ॅप तर तेव्हाही होतं. पण त्या अकरा वर्षांत त्यांचा देशच बदलून गेला होता.

सकाळ होताना मिल्नरची शर्यत होते. त्या वेळी वाजतं 'ग्रीन ओनियन्स', १९६२चंच. या गाण्याला शब्द नाहीत. फक्त ऑर्गन, गिटार, बास आणि ड्रम. दबा धरून बसलेल्या मांजरासारखी चाल. गोरे-काळे वादक एकत्र असलेला मेम्फिसमधला हा बँड आणि ऑर्गन वाजवणारा बुकर टी. तेव्हा सतरा वर्षांचा, म्हणजे पडद्यावरच्या या मुलांच्याच वयाचा. रात्रभर प्रेमाच्या आणाभाका ऐकल्यावर हे बिनशब्दांचं गाणं थंडगार वाटतं. मिल्नर जिंकतो, कारण समोरच्याची गाडी उलटते. टेरी म्हणतो, तूच नंबर एक आणि कायम राहशील. मिल्नरला मात्र ठाऊक असतं की तो हरत होता. तो ते टेरीला सांगतोही. टेरी ऐकत नाही. शेवटी मिल्नर म्हणतो, बरं बाबा, तू म्हणशील तसं.

यातही लुकासच्या पदरचं काही आहे. तो स्वतः गाड्यांचा वेडा, शर्यतीत उतरायची स्वप्नं बघणारा. १९६२च्या जूनमध्ये शाळा संपता संपता त्याच्या छोट्या गाडीला भीषण अपघात झाला. पट्टा तुटून तो बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. शर्यतीचं वेड सुटलं, पुढे कॉलेज, मग सिनेमा. म्हणजे एका अर्थी त्याच्यातला मिल्नर त्या उन्हाळ्यात संपला आणि कर्ट उरला.

मग शेवट. कर्टचं विमान उडतं आणि पडद्यावर चार फोटो येतात, खाली एकेक ओळ. जॉन मिल्नर डिसेंबर १९६४मध्ये एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरमुळे मेला. टेरी डिसेंबर १९६५मध्ये व्हिएतनाममध्ये आन लोकजवळ बेपत्ता. स्टीव्ह मोडेस्टोतच विमा एजंट. कर्ट लेखक, कॅनडात राहतो. (का कॅनडात, हे १९७३च्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. सैन्यातली सक्तीची भरती टाळायला कितीतरी तरुण तिकडे गेले होते.)

आणि या बातम्या वाचून आपण सुन्न बसलेलो असताना नावांच्या यादीबरोबर गाणं सुरू होतं, बीच बॉइजचं 'ऑल समर लाँग'. उन्हाळाभर किती मजा केली, अशा थाटाचं, शीळ घालावं तसं हलकं गाणं. हे गाणं १९६२चं नाही. १९६४चं आहे. चूक म्हणा, मुद्दाम म्हणा, पण हिशोब करून बघा. १९६४चा उन्हाळा म्हणजे मिल्नरचा शेवटचा उन्हाळा! ज्या बीच बॉइजना त्याने रेडिओ बंद करून गप्प केलं होतं, त्यांचंच गाणं त्याच्या मरणानंतर वाजतंय, आणि तेही इतकं आनंदी. रेडिओ बंद करून काळ बंद होत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

एवढं कौतुक केल्यावर दोन तक्रारीही नोंदवते.

पहिली, त्या शेवटच्या चार ओळींबद्दल. चारही मुलगे. लॉरीचं काय झालं? डेबीचं? कॅरलचं? रात्रभर या मुलींनी तितकंच सोसलं, तितकंच हसवलं. डेबीचं काम करणाऱ्या कँडी क्लार्कला तर ऑस्करचं नामांकन मिळालं. पण भविष्यकाळ फक्त मुलांना. समीक्षक पॉलीन केलने तेव्हाच यावर बोट ठेवलं होतं आणि तिचं म्हणणं आजही खोडता येत नाही.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. गाणी कुणाची आहेत? फॅट्स डॉमिनो, चक बेरी, प्लॅटर्स, फ्लेमिंगोज, फ्रँकी लायमन. निम्म्याहून जास्त रात्र काळ्या गायकांच्या आवाजावर तरंगते. पडद्यावर मात्र जवळजवळ सगळे गोरे. एका वाक्यात सिनेमा हे स्वतःच कबूल करतो. कॅरल सांगते की तिची आई तिला घरी वुल्फमन जॅक ऐकू देत नाही, कारण तिच्या मते तो काळा आहे. (प्रत्यक्षात तो ब्रुकलिनचा गोरा माणूस, खरं नाव रॉबर्ट स्मिथ. पण आवाजाला कातडी नसते.) आईने घराच्या दाराला कडी लावली, रेडिओ खिडकीतून आत आला. फ्रँकी लायमनने ते गाणं गायलं तेव्हा तो जेमतेम तेराचा होता. १९६८ साली, पंचविसाव्या वर्षी, अमली पदार्थांनी त्याचा जीव घेतला. शेवटच्या फोटोंमध्ये पाचवा फोटो त्याचा असता तरी चाललं असतं, असं मला नेहमी वाटतं.

वुल्फमन जॅकची खरी गोष्ट आपल्याला तर फारच ओळखीची वाटावी. तो गाजला तो मेक्सिकोच्या हद्दीतल्या स्टेशनांवरून. अमेरिकेत ५० हजार वॉटची मर्यादा होती. सीमेपलीकडे ती लागू नव्हती, त्यामुळे तिथल्या एखाद्या स्टेशनाची ताकद याच्या कितीतरी पट. रात्री लहरी लांबवर पोहोचायच्या आणि अमेरिकेतल्या घराघरांत सीमेपलीकडून गाणी यायची. आता आपल्याकडे या. १९५२ साली केंद्रात माहिती व प्रसारण खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. आपलेच मराठी गृहस्थ. आकाशवाणीवर सिनेसंगीत नको, असं त्यांचं धोरण. मग काय झालं? डिसेंबर १९५२मध्ये समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अख्खा देश अमीन सयानींच्या आवाजाला कान लावून बसला. शेवटी १९५७ साली आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. मोठ्यांनी बंद केलेलं गाणं सीमेपलीकडून आलं, आणि ते देणारा माणूस कुणी पाहिलेला नसूनही घरचा झाला. २०२४च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले तेव्हा ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं अशी माणसं घरचं कुणी गेल्यासारखी हळहळली. कर्ट रात्री स्टेशनात जातो तेव्हा त्यालाही असाच अनुभव येतो. तिथे बसलेला दाढीवाला माणूस म्हणतो, वुल्फमन इथे नसतो, फक्त टेप येतात. फ्रीज बिघडलाय म्हणून विरघळणाऱ्या बर्फाच्या कांड्या तो बिचारा एकटाच खात बसलेला असतो. कर्ट निघताना काचेतून बघतो, तर तोच माणूस माइकसमोर! सगळ्या गावाला जोडणारा आवाज, आणि खोलीत एकटा.

आता थोडं घरचं. माझे दोन मावसभाऊ आहेत. दोघंही हे वाचतील, तेव्हा जपून लिहिते. थोरला १९९०च्या दशकात नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला, तिथलाच झाला. धाकटा सांगलीत राहिला. थोरला रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एक जुनं गाणं पाठवतो. बहुतेक पंचमचं. खाली लिहितो, 'माडीवरचा रेडिओ आठवतो का रे?' धाकटा उत्तर देतो, 'आठवतो ना. माडी गळतेय, कौलं कधी बदलायची?' त्यावर थोरल्याचा हात जोडलेला एक इमोजी येतो. घर विकायचा विषय निघाला की थोरल्याच्या घशात आवंढा येतो आणि धाकट्याच्या कपाळाला आठी.

दोघांचंही प्रेम खरं आहे. पण गेलेल्याचं गाव थांबलेलं असतं आणि राहिलेल्याचं गाव चालू असतं. ओढ गेलेल्याला परवडते, कौलांचा खर्च राहिलेल्याला येतो. 'अमेरिकन ग्राफिटी' हा कर्टने आठवलेला सिनेमा आहे. म्हणून तो इतका चमकतो. स्टीव्हने, म्हणजे रोज त्याच रस्त्यावरून विम्याचे हप्ते गोळा करत फिरणाऱ्याने, हाच सिनेमा काढला असता तर त्यात खड्डेही दिसले असते. लुकासचा मोठेपणा असा की त्याने शेवटच्या चार ओळींत हा हिशोब लपवला नाही. जो गेला तो लेखक झाला. जे राहिले त्यांतल्या एकाला मरण आलं आणि एकाला नोकरी. तिसऱ्याला युद्धाने नेलं.

मग हरवलं नक्की काय? निरागसपणा नव्हे, तो तेव्हाही नव्हता. कॅरलच्या आईला विचारा. मला विचाराल तर हरवलं ते एकाच वेळी एकच गाणं ऐकणं. त्या रात्री चौघांची चार दिशांना चार आयुष्यं चालली होती, पण वर एकच आभाळ होतं आणि त्यात एकच गाणं. कुणी निवडलेलं नाही, कुणाच्या मनासारखं नाही, तरी सगळ्यांचं. आज माझ्या फोनमध्ये मला हवं तेच गाणं हवं तेव्हा लागतं. माझ्या मनःस्थितीला जुळणारी यादी यंत्र स्वतः करून देतं. उदास असले की उदास गाणी. सोय उत्तम आहे, मी वापरतेही. पण नको असलेलं, न शोभणारं, भलत्या वेळी येऊन चिकटणारं गाणं आता येत नाही. आणि आठवणी तर तशाच गाण्यांच्या होतात.

विमानात बसलेल्या कर्टच्या हातात ट्रान्झिस्टर असतो. विमान वर चढतं तसं स्टेशन क्षीण होत जातं आणि मग नुसती खरखर उरते. गाणं संपलेलं नसतं, खाली गावात ते चालूच असतं. हा आवाक्याबाहेर गेलेला असतो, इतकंच.

तर दादा, रोजचं गाणं पाठवत जा. त्याचं कुणालाच वावडं नाही. फक्त या पावसाळ्याआधी कौलांचे निम्मे पैसेही पाठव.